आमच्या काळचं सॉकेट

दसऱ्याच्या मिरवणुकीत झुंझारराव महाराजांच्या विजेच्या रथाने चार्जिंगचा खांब मुळासकट उपटला आणि भर बाजारातून फरफटत नेला! प्लग काढायचाच राहिला होता. खांबामागे मिठाईवाल्याचा मंडप गेला, मंडपामागे मिठाईवाला. महाराज रथात उभे राहून हात हलवत होते. त्यांना वाटलं, लोक आपल्याला बघून आनंदाने ओरडतायत.

संध्याकाळी सारथी सटवाजी तुरुंगात!

त्याची मुलगी हौसा तडक दरबारात घुसली. रथशाळेत तारा जोडणारी पोरगी. हात ग्रीसने काळे, जिभेला लगाम नाही.

"महाराज, बाबा प्लग काढायला उतरतच होते. तुम्हीच ओरडलात, 'हाक! मुहूर्त टळतोय!'"

राजाची चूक राजाला सांगायची पद्धत त्या राज्यात नव्हती.

"राजा चुकत नसतो!" महाराज गरजले. "तुझा बाप विसरभोळा आहे. एवढा पुळका असेल, तर असं सॉकेट आण की सारथी कितीही विसरभोळा असला तरी रथ खांब घेऊन निघणार नाही. आणि ते नवं पाहिजे! पेटंट कचेरीने नवं म्हटलं तर बाप सुटेल. नाहीतर जन्मभर खाणीत दगड फोडेल."

दरबारी गालात हसले. कारण पेटंट कचेरी म्हणजे दाजीपंत आणि त्यांचे दोन म्हातारे जोडीदार. राज्यातल्या रथाचा खिळासुद्धा या तिघांच्या हुकमाशिवाय हलत नसे आणि कुठल्याही वस्तूला या तिघांनी आजवर नवी म्हटलं नव्हतं. कुणी पावसात भिजणार नाही असं झाकणाचं सॉकेट आणलं, कुणी अंधारात चमकणारं. दाजीपंत जांभई द्यायचे आणि म्हणायचे, "आमच्या काळी होतं हे." बाकीचे दोघे मान डोलवायचे. अर्ज नामंजूर! वस्तू जुनी ठरली की ती कुणीही विकावी. मग ती दाजीपंतांचा जावई विकायचा. उभ्या आयुष्यात घरातला दिवा बदलला नाही यांनी, पण जगातला प्रत्येक शोध यांच्या लहानपणीच लागून गेलेला!

हौसाने रथशाळेचं दार लावून घेतलं. आत ठोकाठोक, तासकाम, मधूनच एखादी शिवी. सॉकेट तयार झालं तशी ती पुन्हा दरबारात हजर.

"माझी तपासणी कचेरीत नको. महाराजांसमोर करा."

"भितेस काय आम्हाला?" दाजीपंत म्हणाले.

"तुम्हाला नाही पंत, तुमच्या जावयाला!"

सगळे चौकात आले. हौसाने महाराजांच्या रथावर सॉकेट बसवलं आणि प्लग लावला. "आत एक खटका आहे महाराज. प्लग लागला की तो दाबला जातो आणि चाकांची वीज बंद. ओरडून बघा आता."

"हाक!" महाराज ओरडले. नव्या सारथ्याने कळ दाबली. रथ जागचा हलेना! तिने प्लग काढला, तसा रथ सुळकन पुढे गेला. महाराजांनी लहान पोरासारखं पुन्हा एकदा करून बघितलं.

मग सगळे दाजीपंतांकडे वळले. दाजीपंतांनी जांभई दिली.

"आमच्या काळी होतं हे."

दोन्ही माना डोलल्या. दूर बेड्या घालून उभ्या केलेल्या सटवाजीने डोळे मिटून घेतले.

"असंच होतं?" हौसाने विचारलं.

"अगदी असंच!"

"खटक्यासकट?"

"अगं कार्टे, खटक्यासकट! तुझा जन्मही झाला नव्हता."

"एखाद्या भंगार गाडीवर असेल, आजोबा."

"भंगार?" दाजीपंत चवताळले. "थोरल्या महाराजांच्या रथावर होतं! याच रथावर! या डोळ्यांनी पाहिलंय मी!"

"आम्हीही!" दोघे म्हणाले.

"चालायचं नीट?"

"नीट म्हणजे? कधी खांबाचा टवकाही उडाला नाही!"

हौसा महाराजांकडे वळली. "ऐकलंत महाराज? थोरल्या महाराजांच्या वेळी खटका याच रथावर होता. दसऱ्याला मात्र नव्हता. आणि या तिघांच्या हुकमाशिवाय तर रथाचा खिळाही हलत नाही! मग तो काढला कुणी? तुम्हाला मिठाईवाल्यासकट गावभर कुणी मिरवलं?"

दाजीपंतांची दुसरी जांभई अर्ध्यावर अडकली.

"म्हणजे... अगदी हेच नसेल..."

"डोळ्यांनी पाहिलं म्हणालात!"

"माझे डोळे... मोतीबिंदू आहे मला..."

"पंत!" महाराजांचा आवाज चढला. "होता की नव्हता?"

"नव्हता, महाराज! असलं सॉकेट बापजन्मात पाहिलं नाही!"

"नवं आहे!" दुसरा किंचाळला.

"कोरं करकरीत!" तिसरा म्हणाला. "आत्ताच जन्मलंय, अजून डोळेही उघडले नाहीत त्याचे!"

महाराजांच्या ओठांचे कोपरे थरथरायला लागले. त्यांनी कसंबसं तोंड आवळलं.

"सटवाजीच्या बेड्या काढा! आणि हौसा, या तिघांना पाठवू का खाणीत?"

"नको महाराज. 'हे दगड आमच्या काळीच फोडून झालेत' म्हणतील आणि एकही फोडणार नाहीत. यांना चार्जिंगच्या खांबापाशी बसवा. रथ चार्ज होईस्तोवर माणसं कंटाळतात. यांनी त्यांना आपल्या काळच्या गोष्टी सांगाव्यात."

"अगं, लोक पळून जातील!"

"पळतील कसे?" हौसा म्हणाली. "प्लग लागलाय तोवर रथ हलतच नाही!"

महाराज असे खदखदून हसले की मुकुट घरंगळत रथाखाली गेला. तो काढायला खुद्द दाजीपंतांना वाकावं लागलं. डोळे पुसत महाराजांनी पेटंटवर शिक्का मारला, गळ्यातला मोत्यांचा कंठा हौसाच्या ग्रीसाळलेल्या हातात ठेवला, आणि पुन्हा हसत सुटले.