हाइबेची रिकामी पोळी

फुजियानच्या किनाऱ्यावर हाइबे नावाचे कोळ्यांचे गाव आहे. चेंगबेंग हा तिथला पितरांचा दिवस. वसंतात येतो. त्या दिवशी थडगी झाडूनपुसून पितरांना जेवू घालतात आणि घरोघरी पोपिआ करतात. तलम पोळीत शिजवलेला मुळा, बांबूचे कोंब, सुकी कोळंबी, तळलेले शेवाळ आणि शेंगदाण्याचा कूट भरून केलेली ही गुंडाळी. सारणाने टोपल्या भरलेल्या असतात, तरी पहिली पोळी नुसतीच गुंडाळतात आणि टेकडीवरच्या एका जुन्या थडग्यावर नेऊन ठेवतात. पाहुणे कोड्यात पडतात. मग गावातले ओंग आजोबा त्यांना बसवून घेतात आणि स्यूकिमची हकिकत सांगतात.

स्यूकिम ही म्हणे तिआनहोक नावाच्या कोळ्याची बायको. गावची रीत तेव्हा अशी होती, की चेंगबेंगला प्रत्येक घराने आपला ठरलेला जिन्नस आणायचा आणि पोपिआ सगळ्यांनी मिळून करायचे. कोळंबी सुताराकडची, मुळा कुंभाराकडचा, कोंब शेजारच्या कू आजीचे. शेंगदाणे कुटायचे ते तिआनहोकच्या धाकट्या बहिणीने, आ-इनने. खलबत्त्याला ती दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे. पोळ्या मात्र अख्ख्या गावाच्या स्यूकिमच करी. सैलसर कणकेचा गोळा मुठीत धरून तापल्या तव्यावर फिरवायचा आणि झटकन उचलायचा. मागे राहतो त्या पापुद्र्याची पोळी. तसा हात गावात दुसऱ्या कुणाचा नव्हता.

एका साली तिआनहोक दूरच्या पाण्यात गेला असताना राजाची माणसे आली. समुद्रावर शत्रू आहे, किनाऱ्याची माणसे त्याला अन्न पुरवतात, म्हणून किनारा मोकळा करायचा, असा हुकूम होता. नवरा परत येईपर्यंत तरी थांबू द्या, अशी स्यूकिमने विनवणी केली. त्यांनी छपरांना आग लावली. साऱ्या गावाला डोंगरापलीकडे हाकलले आणि वाटेवर खुंट ठोकले. खुंटापलीकडे दिसेल त्याची मान उडवायची, असे ठरले.

पुढच्या चेंगबेंगला स्यूकिमच्या मनात आले, की नवरा जिवंत असेल तर आज ना उद्या आईबापाच्या थडग्यावर येईलच. लिहिता तिला येत नव्हते. तिने घरोघर फिरून चिमूट चिमूट सारण मागून आणले आणि एक पोपिआ बांधला. पहाटेच्या धुक्यात खुंट ओलांडून तो थडग्याच्या दगडावर ठेवला. तो उघडला, की कोणकोण जगले आहे ते नवऱ्याला कळणार होते. थांबून वाट पाहणे शक्य नव्हते. संध्याकाळी माणसे मोजत, आणि एक कमी भरले तर शेजाऱ्यांना मारत.

दर वसंतात ती असे करू लागली. डोंगरापलीकडची जमीन खडकाळ होती, मीठही मिळत नव्हते. सुताराचे घर संपले, तशी सारणातली कोळंबी गेली. मग कुंभार गेला, त्याचा मुळा गेला. आणि एका हिवाळ्यात आ-इन तापाने गेली.

त्या वर्षी स्यूकिमने शेंगदाणे स्वतः कुटले आणि पोळीत भरले.

कू आजी बघत होती. ती म्हणाली, "पोरी, खोटं बांधू नकोस. तो त्या आशेवर जगेल."

"जगू दे," स्यूकिम म्हणाली.

पुढच्या वसंतात ती थडग्यावर गेली, तर दगडाच्या आडोशाला लाकडी खडावांचा एक जोड ठेवलेला होता. होडीच्या फळीतून कोरलेला, लहान मुलीच्या पायाचा. आ-इनचा पाय एव्हाना केवढा झाला असेल, याचा अंदाज बांधून त्या केलेल्या होत्या. स्यूकिमने त्या छातीशी धरल्या आणि धुके विरेपर्यंत तिथेच बसून राहिली. तो जिवंत होता, आला होता, आणि तिने त्याला फसवले होते.

त्या दिवशी ठेवायला आणलेला पोपिआ तिने उघडला. कूट बोटांनी वेचून काढला, पोळी पुन्हा गुंडाळली आणि दगडावर ठेवली. आत कू आजीचे कोंब तेवढे राहिले.

त्यानंतर त्या दगडावर तिला कधीच काही सापडले नाही. तो पुन्हा आला आणि पोळी उघडून तसाच समुद्रावर निघून गेला, असे कोणी म्हणतात. कोणी म्हणतात, तो आलाच नाही. खरे काय ते स्यूकिमलाही कळले नाही.

बऱ्याच काळाने बंदी उठली. तोवर कू आजीही गेली होती. हाइबेच्या जुन्या माणसांपैकी स्यूकिम एकटीच परतली. बाकी आले ते दुसरीकडचे लोक. चेंगबेंगला त्यांनी तिला मुळा देऊ केला, कोंब देऊ केले. तिने हात जोडले आणि म्हणाली, "हे तुमचं. माझ्याकडची पोळी तेवढी." तिने तव्यावर एक पोळी केली, रिकामीच गुंडाळली आणि टेकडीवर नेली. आता थांबायला मनाई नव्हती. ती संध्याकाळपर्यंत थांबली. मरेपर्यंत दरवर्षी थांबली.

ती गेल्यावर नव्या लोकांनी तिला त्याच थडग्याशेजारी पुरले, आणि पोळी ठेवायचे काम आपल्याकडे घेतले.

आजही हाइबेत पहिली पोळी रिकामी जाते. दिवसभर ती दगडावर वाऱ्याने वाळते. दुसऱ्या दिवशी सकाळी कोणीतरी टेकडी चढून जाते आणि ती होती तशीच उचलून खाली आणते.