निम्मे डावे, निम्मे उजवे

"काय म्हणालास? तो शब्द पुन्हा सांग."

"रेसिमिक, महाराज. माझं मन आता रेसिमिक झालंय."

केवळगिरी महाराज सुपात तांदूळ निवडत होते. तापीकाठी, स्मशानाच्या वरच्या अंगाला त्यांची मढी. तिला मावळतीकडे तोंड करून एकच दार, आणि त्या दारातच हेमकांत भंगाळे उन्हाकडे पाठ करून बसला होता. तो कॉलेजात सेंद्रिय रसायनशास्त्र शिकवायचा. आज दीक्षा घ्यायची आणि घरी परतायचं नाही, हे ठरवूनच पायऱ्या चढून आला होता.

"अर्थ सांग त्याचा."

हाडाच्या मास्तराला अर्थ विचारला की त्याची कळी खुलते. हेमकांत सरसावून बसला.

"काही रेणू आपल्या हातांसारखे असतात, महाराज. घडण तीच, पण एक डावा, एक उजवा. समोरासमोर धरले तर आरशातल्यासारखे. एकावर एक पालथे ठेवले, तर अंगठे उलट दिशांना जातात."

"बरं."

"नुसत्या डाव्यांच्या द्रावणातून ठरावीक प्रकारचा उजेड सोडला, तर तो एका अंगाला वळतो. नुसत्या उजव्यांतून दुसऱ्या अंगाला. दोन्ही निम्मे-निम्मे मिसळले, की कुठंच वळत नाही. सरळ आरपार जातो. अशा मिश्रणाला रेसिमिक म्हणतात."

"आणि तुझं मन तसं झालंय."

"हो. सुख नाही, दुःख नाही. चैत्रात मुलगा गेला, तापाने. सात वर्षांचा होता. मी रडलो नाही. बायको म्हणते, एकदा रडा तरी. तिला कसं कळावं..."

महाराजांनी सूप एकदा पाखडलं.

"जनावराला मात्र कळलं," हेमकांत म्हणाला. दारापाशी पडलेल्या काळ्या कुत्रीकडे त्याने बोट दाखवलं. "ही येणाऱ्याजाणाऱ्यावर भुंकते म्हणे. माझ्याकडे तिने मानसुद्धा वर केली नाही. ज्याच्या मनातलं द्वंद्व गेलं, त्याच्यापुढे जनावरं शांत होतात, असं वाचलं होतं. आज पाहिलं."

हे सांगताना तो हसला. समाधानाने हसला, हे नमूद करायला हवं.

महाराजांनी एक खडा वेचून दाराबाहेर टाकला.

"अर्थ झाला. आता वापर सांग. कुठं कुठं वापरता हा शब्द?"

"औषधांच्या कारखान्यात. प्रयोगशाळेत. आणि... जुन्या हाडांच्या बाबतीत."

"हाडांच्या?"

"जिवंत शरीरातल्या प्रथिनांचे घटक जवळजवळ सगळे डावे असतात. माणसाचे, माशाचे, गवताचेसुद्धा. जीव आहे तोवर शरीर ते तसेच राखतं. जीव गेला की राखणारं कुणी उरत नाही. मग डाव्यांतले काही उजवे व्हायला लागतात. हजारो वर्षं लागतात. शेवटी..."



"शेवटी काय?"

"निम्मे-निम्मे होतात."

"मग त्यावरून काय ओळखता?"



"किती काळ झाला ते... मरून."

खाली कुणाची तरी चिता पेटली होती. लाकडं तडतडल्याचा आवाज वरपर्यंत येत होता. कुत्री तशीच डोळे मिटून पडलेली.

"ही इथंच वाढली," महाराज म्हणाले. "माणसांवर भुंकते. खाली तिरडी येते ना, तेव्हा चौघा खांदेकऱ्यांवर भुंकते. पाचव्यावर नाही भुंकत."

हेमकांतला हसायचं होतं. पण त्याची नजर सुपावर गेली आणि अंगावर सर्रकन काटा आला.

सुपात ऊन होतं. लख्ख ऊन. तांदळाचा दाणा न् दाणा दिसत होता. तो दार अडवून बसला होता, ऊन त्याच्या पाठीवर होतं, आणि पुढे सुपात त्याची सावली नव्हती.

त्याने हात वर केला. तांदळावर काहीच हललं नाही.

"महाराज... माझी सावली..."

"मी मघापासून निवडतोय. तू येऊन बसलास, पण उजेड कमी झाला नाही."

हेमकांतला वाटलं, उठून पळावं. पण तो दारातच बसून राहिला. महाराजांची बोटं तांदळातून फिरत राहिली.

"मुलगा कुठल्या हाताने जेवायचा?"

"डाव्या."

"मग?"

"मग काही नाही... पंगतीत लोक नावं ठेवायचे. घरी मात्र माझ्या उजव्या बाजूलाच बसायचा. त्याचा डावा हात, माझा उजवा. घास घेताना कोपराला कोपर लागायचं. माझी आमटी सांडायची. मी म्हणायचो, निनू, सरक रे बाळा तिकडे..."

"सरकायचा?"

"नाही. मुद्दाम आणखी चिकटायचा. हसायचा." त्याचा आवाज चिरकला. "मी अजून... महाराज, अजून जेवताना मी कोपर आखडून घेतो. त्याला जागा ठेवतो. बाजूला कुणी नसतं. तरी..."

पुढचं बोलणं झालं नाही. इतके महिने कुठं अडलं होतं कोण जाणे, ते एकदम फुटलं. दाराची चौकट धरून तो लहान पोरासारखा हमसून हमसून रडू लागला.

महाराजांच्या पुढ्यातलं सूप अंधारलं. एका माणसाची सावली तांदळावर पसरली आणि त्याच्या हुंदक्यांबरोबर हलू लागली.

कुत्री ताडकन उठली. पाठीवरचे केस उभे करून, दात विचकून ती हेमकांतवर भुंकायला लागली. त्याने घाबरून पाय आत ओढले.

"महाराज, चावेल ती... हाकला तिला..."

महाराजांनी अर्धवट निवडलेल्या तांदळाचं सूप बाजूला ठेवलं.

"भुंकू दे," ते म्हणाले. "आत्ता कुठं माणूस आलंय."