खांबाचा धूसर फोटो

कॅमेरे बोलत असत, तेव्हाची गोष्ट. दुपारचे चार वाजले होते. वर्तमानपत्राच्या कचेरीत संपादक म्हणाले, “नव्या पुलाच्या खांबाचा हा फोटो धूसर आहे. कॅमेरा बदला.”

कपाटात लेन्सने जुन्या कॅमेऱ्याला चिडवलं, “आजोबा, डोळे गेले तुमचे.”

“माझा डोळा तूच आहेस, बाई. फोटोत खांबाचा तडा स्वच्छ दिसतोय. साहेबांना तो बघायचा नाहीये. मी भंगारात जाईन, पण धूसर म्हणवून घेणार नाही.”

दुसऱ्या दिवशी तीच लेन्स नव्या कॅमेऱ्याला लावली. या फोटोत नुसता तडाच नाही, तर आतली गंजलेली सळईही दिसली. संपादकांनी पुलावरच्या रोषणाईचा फोटो छापला.

लेन्स कपाटात परतली.

“आता कोणाचे डोळे गेले?” जुन्याने विचारलं.

दोन्ही फोटो कचेरीतच आहेत. पुलावरून शाळेची बस रोज जाते.