कडब्याच्या गंजीतली बाळंतीण

खूप जुन्या काळची गोष्ट आहे. तेव्हा जनावरं बोलत, आणि माणसं कधीकधी ऐकतही.

नदीकाठच्या एका गावात एक सुईण होती. सगळं गाव तिला आत्या म्हणायचं, कारण गावातलं जवळजवळ प्रत्येक मूल तिच्याच हातांवर आलेलं. आत्या मायाळू होती, पण एका बाबतीत फार कडक. बाळंतिणीच्या खोलीत हाक मारल्याशिवाय कुणी शिरायचं नाही, आणि आई हो म्हणेपर्यंत बाळाला हात लावायचा नाही. एकदा खुद्द पाटील नातू बघायला घाईघाईने निघाले, तर आत्याने त्यांना उंबऱ्यावरूनच परत फिरवलं.

"पाटील, गाव तुमचं. ही खोली तिची."

एके सकाळी बातमी आली, पाटलांच्या कडब्याच्या गंजीत कुत्री व्याली. आत्याला कुठला धीर निघतोय? तिने दुधात भाकरी कुस्करली आणि वाडगा घेऊन गंजीमागून वाकून आत डोकावली.

"अगं बाई, काय गोजिरी आहेत!" असं म्हणत तिने एक पिल्लू उचललंसुद्धा.

कुत्रीने मागे वळून आत्याचा हात कचकन चावला.

आरडाओरडा ऐकून माणसं धावली. तेलीण मूठभर तिखट घेऊन आली. "आत्या, जखमेत हे भरा, विष उतरतं." पाटील काठी घेऊन आले. "बाजूला व्हा. आज हिला संपवतोच. उद्या पोरांना चावेल."

कुत्री पिलांच्या पुढे उभी राहिली.

"मारायचं तर मारा, पाटील," ती म्हणाली. "पण आधी आत्यांना एक विचारू द्या. आत्या, तुम्ही हाक मारली होती का?"

मग पाटीलच मिशीत हसले. कळेने आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, तरी तिलाही हसू आलं.

"नाही गं बाई, नाही मारली. पाटील, काठी ठेवा. आणि तेलीणबाई, ते तिखट कालवणात घाल. चावलेल्या हाताला वर आणखी जाळायचं कशाला? मला पाणी द्या आणि रिठे द्या."

पाटलांची सून वरून पाणी ओतू लागली. आत्या रिठ्याच्या फेसाने जखम धुऊ लागली. पाटलांचा हंडा रिकामा झाला, तेलिणीची घागर रिकामी झाली, तरी आत्या धूतच होती.

"झालं की आता, रक्तही थांबलं," तेलीण म्हणाली.

"मूल बाहेर आलं म्हणून बाळंतपण संपतं का?" आत्या म्हणाली, आणि तशीच नावेत बसून पलीकडच्या वैद्यांकडे गेली.

वैद्यांनी हात पाहिला. "बरं झालं, आजच आलात. जखम लहान आहे, पण कुत्री पिसाळलेली असली, तर तो रोग एकदा डोक्यात चढला की माझ्याकडेही इलाज नाही. औषध आजपासून घ्या, आणि सांगेन त्या प्रत्येक दिवशी या. कुत्रीला मारू नका. ती कशी खाते, कशी वागते, ते पिलांच्या बारशापर्यंत बघा."

आत्या सांगितलेल्या प्रत्येक दिवशी गेली. जखम सुकल्यावर पाटील म्हणाले, "आता कशाला ती नदी ओलांडता?"

"तुमच्या नातवाचं बारसं काय अर्ध्यावर उरकलं होतं?" आत्याने विचारलं. पाटलांनी मुकाट्याने नाव सोडायला सांगितली.

बाराव्या दिवशी कुत्री ठणठणीत होती. पाटील स्वतः दूध-भाकरीचा वाडगा घेऊन आत्याबरोबर निघाले, गंजीपासून चांगले लांब थांबले आणि घसा खाकरून म्हणाले, "बाई, येऊ का?"

"वाडगा तिथेच ठेवा, पाटील," आतून आवाज आला. "मी पोरांना घेऊन येते."

पिल्लं धडपडत बाहेर आली. एक तर थेट आत्याच्या पायावर येऊन झोपलं. आत्याने आधी आईकडे पाहिलं. आईने शेपटी हलवली, तेव्हाच तिने हात लावला.

त्या गावची मुलं तेव्हापासून जेवणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिलांपाशी बसलेल्या कुत्र्याच्या वाटेला जात नाहीत. वैद्यांचं ते औषध आता दवाखान्यात सुईने देतात. आत्या मात्र पुढे कितीतरी वर्षं जगली, आणि त्याच हातांवर पाटलांची पणतवंडंही आली.

ध्यानात ठेवायचं ते एवढंच: आईला विचारल्याशिवाय तिच्या पिलाला हात लावू नये, आणि कुत्रं चावलंच तर काठी शोधण्याआधी पाणी शोधावं आणि लगेच वैद्य गाठावा.