एकाच दिवशी भरणारे बाजार

फार पूर्वी, राजांच्या नावांपेक्षा वाटांची नावे लोकांना जास्त पाठ होती तेव्हाची ही गोष्ट. एक तरुणी दूरच्या राजधानीत शिकून आपल्या खोऱ्यात परत आली. राजाने तिला खोऱ्याची कारभारी नेमले होते.

बाजार माणसांनी फुलले असतील, असे तिला वाटले होते. सगळ्या गावांचे बाजार एकाच दिवशी भरावेत, म्हणजे कोणी पुढे नाही, कोणी मागे नाही, हा नियम तिनेच राजाला सुचवला होता. प्रत्यक्षात कुंभारांच्या गावात कुंभारच एकमेकांसमोर मडकी मांडून बसले होते. गिऱ्हाईक एकही नव्हते.

"मीठ कुठे मिळेल?" तिने विचारले.

"खाडीकाठच्या गावात," एक म्हातारी म्हणाली. "पण तिथला बाजारही आजच! मडकी टाकून आम्ही जावं कसं, अन् मीठ टाकून त्यांनी यावं कसं? मडकं घे पोरी, एकावर एक देते. चाटलंस तरी खारट लागायचं नाही हं!"

तरुणी ओशाळली. पण असे का झाले, हे तिला बघायचेच होते. ती खाडीकडे निघाली. वाटेत ओढ्यावरचा लाकडी साकव मोडून पडला होता. ती पाण्यातून पलीकडे गेली.

तिथे मिठाचे ढीग उघड्यावर पडले होते. पाऊस तोंडावर आला होता, आणि साठवायला मडकी नव्हती.

ती राजाची कारभारी आहे हे कळल्यावर गावाचा मुखिया म्हणाला, "बाई, कुंभारांचा दिवस बदला. आमचा राहू द्या."

"त्यांना विचारलंत?"

"त्यांना कशाला? दिवस राजा देतो. भांडायचं तर राजाशी."

"आणि साकव?"

"तोही राजाच बांधेल की."

"पूर्वी कोण बांधायचं?"

मुखियाने डोके खाजवले. "पूर्वी... आम्ही दोन्ही गावं मिळून. एकमेकांच्या बाजाराला जायचं असायचं ना."

तरुणीला आता उमगले. तिच्या नियमाने नुसते दिवस हलले नव्हते. दोन्ही गावांनी एकमेकांकडे पाठ फिरवून राजधानीकडे तोंड केले होते. संध्याकाळपर्यंत तिने मनातल्या मनात दिवसांची नवी वाटणी केली. वाटणी चोख होती. पण तीही वरूनच येणार होती, हे लक्षात येताच तिने ती सोडून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने दोन्ही गावांना ओढ्याच्या दोन काठांवर बोलावले.

"एकाच दिवसाचा नियम आजपासून रद्द. राजाला जाब मी देईन. साकवाला लाकूड राजाच्या रानातून मिळेल. मापात कोणी खोट केली तर माझ्याशी गाठ आहे. पण बाजाराचा दिवस मी सांगणार नाही. तो एकमेकांना विचारा."

मग एक कुंभार पलीकडे बघून ओरडला, "काय हो, आमचा बाजार तुमच्या आदल्या दिवशी ठेवला तर?"

"म्हणजे बाजार उशिरा सुटला की रात्री मुक्काम तुमच्याकडे?" मुखिया गुरगुरला.

"मग राहा की! घोरता मात्र फार, ते अजून आठवतंय आम्हाला!"

दोन्ही काठ हसले. मग जोरात वाद सुरू झाला, आणि वाद घालता घालताच लोक मोडक्या साकवाचे ओंडके ओढायला पाण्यात उतरले. तरुणीकडे आता कोणीच बघत नव्हते.

तात्पर्य: राज्याने गावागावांना जोडणारी वाट राखावी, पण शेजाऱ्यांनी आपसात ठरवायचे ते त्यांनाच ठरवू द्यावे.