शेवटचा तांब्या

ही समोर दिसते ती वाघजळीची गढी. भिंती मोजा, तीनच भरतील. चौथी पडलेली नाही, कुणी पाडलेलीही नाही. ती कधी बांधलीच गेली नाही. मागे एक इंजिनिअर आले होते, ते म्हणाले, चुना संपला असेल. चुना कसला संपतोय! चुना वाहणाऱ्या बायका न्हायला बसल्या होत्या.

हसू नका. मी या गावात सून म्हणून आले त्याला चाळीस वर्षं झाली, आणि माझ्या सासूने सांगितलं तसंच सांगते. आज पौषातला दुसरा बुधवार. येताना प्रत्येक उंबऱ्यावर भरलेला तांब्या दिसला ना तुम्हाला? तो ओलांडून कुणी आत जात नाही, की आतल्या बाईला हाक मारत नाही. ते का, तेच ऐका.

फार जुनी गोष्ट. लांबच्या मुलखातून रायाजीराव नावाचा सरदार इथे वतनावर आला आणि त्याने ही गढी बांधायला काढली, असे सांगतात. पुरुष दगड फोडत आणि बायका चुना वाहत. सगळी वेठ. उजाडता ढोल वाजला की ज्या घरात चूल पेटली असेल ती तशीच टाकून बाईने निघायचं. चुन्याने तळहाताची सालं निघत. डोक्यावर सदा पाटी, पाटीखाली चुंबळ, त्यामुळे कित्येकींना आपले केस केवढे आहेत याचाही विसर पडला होता म्हणे. घर होतं, पण घरात असणं नव्हतं. मला विचाराल तर वेठीतली सगळ्यात वाईट गोष्ट तीच.

गावात म्हाळसाक्का नावाची एक विधवा होती. तिची थोरली सून बाळंतपणानंतर नवव्या दिवशी वेठीला गेली आणि चुना मळायच्या घाणीपाशीच आडवी झाली, ती परत उठली नाही. आता धाकटी सून ठकू बाळंत झाली होती. मुलगी झाली होती. बाराव्या दिवशी गढीचा शिपाई दारात आला.

म्हाळसाक्काने अंगणात घोंगडीचा आडोसा केला होता. आत ठकू लुगडं नेसून पाटावर बसलेली. डोक्यावर कोमट तेल जिरवलेलं, अंगाला हळद, घंगाळात निंबाचा पाला टाकून तापवलेलं पाणी, वाटीत शिकेकाई. शेजारी शेगडीत ओव्याची धुरी.

"ठकूला धाडा," शिपाई म्हणाला.

"न्हातीया ती," म्हाळसाक्का म्हणाली. "शेवटचा तांब्या ऱ्हायलाय."

शिपाई दारातच थांबला. तो याच मुलखातला होता. आमच्याकडे न्हाणं अर्धं टाकून कुणी उठत नाही, आणि उठवणाऱ्याचं भलं होत नाही. शेवटचा तांब्या आपला आपण घ्यायचा नसतो, तो दुसऱ्याने घालायचा असतो. दुपार झाली, ऊन कललं. ठकू आपली केस सोडून निवांत बसलेली, मांडीवर लेक. म्हाळसाक्का मधूनमधून कोमट पाण्याने तिचे पाय शेकत होती. शेवटचा तांब्या भरून उंबऱ्यावर ठेवला होता, आणि त्याला ती हात लावत नव्हती.

शेवटी रायाजीराव स्वतः घोड्यावरून आला. मागे सगळा गाव गोळा झाला. "एका तांब्यासाठी माझं काम अडवता?" असं म्हणत तो घोड्यावरून उतरला, उंबऱ्यावरचा तांब्या उचलला आणि आडोशावरून हात घालून ठकूच्या डोक्यावर उपडा केला. "झालं न्हाणं! उठव तिला."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्याला इथली रीत ठाऊक नव्हती. न्हाणाऱ्या बाईच्या डोक्यावर जो शेवटचा तांब्या घालतो, त्याचं घर तिचं माहेर होतं.

म्हाळसाक्काने पदर सावरला आणि त्याला वाकून नमस्कार केला. मग सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाली, "लेकीला न्हाऊ घातलंसा, लई उपकार झालं. ठकूला बाप नव्हता, आज गावला. आता सव्वा महिना तिचं बाळंतपण तुमच्याकडं. डिंक, खोबरं, तूप धाडून द्या. आन् कोन बाप लेकीच्या डोईवर चुन्याची पाटी देतो, ते बी सांगा."

रायाजीरावाने मागे पाहिलं. त्याचे शिपाई खाली बघत उभे होते. तो घोड्यावर चढला.

दुसऱ्या दिवशी उजाडता ढोल वाजला, पण एकही दार हललं नाही. प्रत्येक उंबऱ्यावर भरलेला तांब्या. शिपाई हाका मारत गल्लीतून फिरला आणि प्रत्येक घरातून एकच उत्तर आलं, "न्हातीया. शेवटचा तांब्या ऱ्हायलाय." कुणी तेल लावत होती, कुणी वर्षा-वर्षाच्या जटा सोडवत होती, कुणी चिरलेल्या हातांना लोणी चोळत नुसती बसली होती. रायाजीरावाने शिपायांना हुकूम केला, जा, ओता तांबे. एकानेही हात लावला नाही. एवढ्या लेकींची माहेरपणं कोण करणार? आणि घरी त्यांच्या स्वतःच्या बायकाही न्हायलाच बसल्या होत्या.

असे सात दिवस गेले. आठव्या दिवशी तो चिडून गढीत परतला, तर त्याच्याच महालाच्या उंबऱ्यावर तांब्या. आत त्याची बायको गिरिजाऊ केस सोडून पाटावर बसलेली. लग्न झाल्यापासून तिला कुणी न्हाऊ घातलं नव्हतं म्हणे. दासी होत्या, पण दासींनाही सदा घाईच असायची.

"उठा," तो म्हणाला.

"शेवटचा तांब्या राहिलाय," ती म्हणाली. "माझं माहेर चार नद्यांपलीकडे. घालणारं कुणी नाही. तुम्हाला तर घालता यायचा नाही."

नाहीच येणार! नवऱ्याने घातला तर नवऱ्याचा बाप होईल. तो तांब्याकडे बघत दारात उभा राहिला. तेवढ्यात म्हाळसाक्का गढी चढून आली. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी अडवलंही नाही. तिने त्या उंबऱ्यावरचा तांब्या उचलला, गिरिजाऊच्या डोक्यावर सावकाश धार धरली, आणि उरलेलं पाणी तिच्यावरून ओवाळून टाकलं. गिरिजाऊ रडली असे सांगतात. मला त्यात नवल वाटत नाही.

मग म्हाळसाक्का रायाजीरावाकडे वळली. "जावईबापू, आजपासून ही वाघजळीची लेक. जावयानं सासरवाडीला वेठीला धरायचं नसतंय."

त्यानंतर ढोल वाजला नाही. चुना होता तिथेच भिजून दगड झाला. तो बघा, गढीच्या पायाशी पांढरा ढीग दिसतोय तो.

आजही या बुधवारी वाघजळीत बाई सकाळपासून न्हाते. शेतावर जात नाही, स्वयंपाक करत नाही, कुणाच्या हाकेला ओ देत नाही. मन भरेपर्यंत बसते, आणि तिला वाटेल तेव्हाच शेजारीण शेवटचा तांब्या घालते. गावातला कुणी पुरुष "अजून किती वेळ" असं विचारत नाही. एकदा एका नव्या सरपंचाने ग्रामसभा याच दिवशी लावली होती. सभेला तो आणि खुर्च्या होत्या.

बरं, माझंही पाणी तापलंय. चुलीवर दूध आहे, चहा तुमचा तुम्ही करून घ्या. आणि ताई, आल्यापासून चौथ्यांदा तुमचा फोन वाजतोय. घरून असेल, नाहीतर ऑफिसातून. तो ठेवा तिकडे आणि या आत, पाट मोकळा आहे, तेल कोमट आहे. फारच विचारलं कुणी, तर सांगा, शेवटचा तांब्या राहिलाय.