भाचीचं न बघितलेलं लग्न

एका गावात एक भोळा मामा होता. नाव झुंबर. राहायचा बहिणीकडे, अन्साबाईकडे. भाची रंजना लग्नाची झालेली. तीन वर्षं स्थळं येत होती, पोहे खाऊन जात होती. अन्साबाईच्या जिवाला तेवढाच एक घोर.

एकदा शाळेत शहरातल्या प्राध्यापकांचं व्याख्यान झालं. ते म्हणाले, "बघेपर्यंत कण इथंही असतो, तिथंही असतो. बघितलं की ठरतं." हे डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांचं आहे, असंही ते पुढं म्हणाले. पण तोवर झुंबर भजी खायला उठला होता. अर्धं ऐकून शहाणे झालेले गावात आणखीही होते, त्यात हा एक वाढला.

संध्याकाळी अन्साबाईने चुलीवर दूध ठेवलं. "झुंबऱ्या, जरा थांब हितं."

झुंबर थांबला, पण चुलीकडे पाठ करून. बघितलंच नाही तर उतू जायचं ठरेल कसं? दुधाने त्याला न विचारताच ठरवलं.

"आरं मेल्या, पाठ काय फिरवतोस? नजर हटवायची न्हाई!"

झुंबरने खूणगाठ बांधली.

दुसऱ्या दिवशी चोराने दारची शेळी सोडली. झुंबर ओट्यावरच होता. त्याने नजर हटवली नाही. शेळी वळणाआड जाईपर्यंत बघितली. चोर जरा लाजला, पण थांबला नाही.

"आपलं कुणी न्यायला लागलं तर बघत बसत्यात व्हय?"

झुंबरने खूणगाठ बांधली.

अखेर रंजनाचं जमलं. मुलगा नोकरीवाला, पण घरचे भारी मानपानाचे. मांडवात अंतरपाटाचं एक टोक मामाच्या हाती दिलं. मंगलाष्टकं संपत आली आणि झुंबरच्या ध्यानात आलं, ही माणसं आपली रंजना नेणार! त्याने डोळे गच्च मिटले. अंतरपाट कुणीतरी हातातून ओढून घेतला. डोळे उघडले ते वरात वेशीबाहेर गेल्यावर. लोक म्हणाले, मामाला गहिवरून आलं.

पंधरा दिवसांनी रंजनाला घेऊन जावई आणि विहीणबाई पहिल्यांदा जेवायला आल्या. पानं वाढली होती. तेवढ्यात झुंबर पाच पाहुणे घेऊन दारात उभा.

"अन्साक्का, पोहे टाक. झ्याक स्थळ आणलंय रंजीला!"

जावयाचा घास हातातच राहिला. विहीणबाई चपला शोधू लागल्या.

"मुडद्या, तिचं लगीन झालं की! तूच अंतरपाट धरलावतास!"

"धरला व्हता. पर बघितलं कुठं?" झुंबर पाहुण्यांकडे वळला. "या, बसा पाव्हणं. पोरीचं लगीन झालंय बी आन् न्हाई बी. तुमी बघा, म्हंजी ठरंल."